देवाची जमीन, सरकारचा सारा

किल्लारी हे नाव उच्चारताच ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच निजली होती. चार वाजण्याच्या सुमारास धरणी हादरली आणि दगडमातीची जड घरे निजलेल्यांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. त्या वेळी नाना धर्मांच्या संस्था धावून आल्या. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. आपल्या कारितास इंडियानेही मदतकार्यात भाग घेतला.

धार्मिक संस्थांना करमाफी असावी काय, असा वाद निघाला की आपण अशा सेवेचा दाखला देतो. तो दाखला पुरेसा आहे काय, हे याच भूमीच्या इतिहासाला विचारून पाहू.

किल्लारीजवळचे लातूर म्हणजे प्राचीन लत्तलूर. राष्ट्रकूट राजे स्वतःस 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. त्यांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाचे कर माफ असत, राजाच्या शिपायांनाही तिथे शिरण्यास मज्जाव असे आणि हे सारे आचंद्रार्क, म्हणजे चंद्रसूर्य असेतोवर. परंतु दानाचा हेतूही बहुधा त्याच पटात कोरलेला सापडतो: बली, चरू, वैश्वदेव, अग्निहोत्र आणि अतिथी. यातला शेवटचा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. सारा नको, पण दारी आलेल्या पाहुण्याचे ताट हवे, असा तो व्यवहार होता. (मिसर देशात योसेफाने फारोसाठी पाचवा हिस्सा ठरविला, तेव्हा याजकांच्या जमिनी वगळल्या होत्या. तिथे अतिथीचा उल्लेख नाही!)

पुढे हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात गेला आणि १९४८ पर्यंत तिथेच राहिला. त्या दप्तरातले दोन शब्द मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या तोंडी आजही आहेत. एखाद्या व्यक्तीच्या वा घराण्याच्या निर्वाहासाठी दिलेली जमीन ती मदतमाश. देऊळ, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेली ती खिदमतमाश. पहिलीत राजाची मेहेरबानी, दुसरीत अट. दिवाबत्ती बंद पडली, सेवा थांबली, तर सरकारला इनामाचा जाब विचारता येई. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने इनामे रद्द केली, मात्र धार्मिक व धर्मादाय संस्थांची इनामे वगळली. दुर्दैव असे, की पुढे अशा कितीतरी जमिनी खाजगी नावांवर चढल्या आणि प्रकरणे कोर्टकचेऱ्यांत गेली. सातबाऱ्यावर देव, आणि पीक भलत्याच्याच घरी! अट विसरून माफी तेवढी लक्षात ठेवली, की असे होते.

स्वतंत्र भारताच्या कायद्यातही अट कायम राहिली. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने केवळ सार्वजनिक उपासनेसाठी किंवा धर्मादाय कामासाठी वापरलेल्या वास्तूस सर्वसाधारण मालमत्ता करातून सूट दिली. जिथे व्यापार चालतो वा भाडे येते, त्या जागेस नाही. नांदेड आणि लातूर या शहरांना हाच अधिनियम लागू आहे.

आपल्या समाजाला झोंबलेली गोष्ट ७ नोव्हेंबर २०२४ रोजी घडली. अनुदानित शाळांत शिकविणारे धर्मगुरू व धर्मभगिनी यांच्या पगारातून आयकर कापलाच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. १९४४ सालच्या एका परिपत्रकाच्या आधारे ही कपात होत नव्हती. दारिद्र्याचे व्रत घेतलेली भगिनी पगारातला एक पैसाही स्वतःकडे ठेवीत नाही, हे खरे. न्यायालयाचे म्हणणे एवढेच, की पगार तिच्या नावे निघतो. तो पुढे ती कोणास देते, हा वेगळा प्रश्न. आम्हांस वाईट वाटले, पण निर्णय चुकीचा वाटला नाही. तीच शाळा, तोच तास, शेजारच्या वर्गातली शिक्षिका कर भरते.

आपल्या धर्मग्रामांकडे वळावे, तर चर्चच्या वास्तूवर कोणाचा आक्षेप नाही. आक्षेप येतो तो लग्नासाठी भाड्याने दिलेल्या हॉलवर आणि रस्त्याकडेच्या गाळ्यांवर. त्या भाड्यातून किती रुपये दवाखान्यात गेले, किती विधवांच्या मुलांच्या फीसाठी गेले आणि किती चर्चच्या रंगरंगोटीत गेले, हे वार्षिक हिशेबात वेगवेगळे मांडून रविवारच्या मिस्सानंतर वाचून दाखवावे, अशी आमची धर्मग्राम समित्यांना विनंती आहे. हॉलचा कर मात्र वेळेवर भरावा.