नदीच्या उताराला विकला

अमेरिकन बोलींत फसगतीला आणि पराभवाला शब्दांची उणीव नाहीं. डावांत एकही गुण न मिळवितां हरलेल्या गड्याला स्कंक नांवाच्या दुर्गंधी जनावराचें नांव चिकटवितात. भामट्यानें सोनेरी मुलाम्याची वीट गळ्यांत बांधली, तर त्यावरूनही एक शब्दप्रयोग निघतो. असल्या शब्दांना लोक हसतात, आणि हसावें हेंच ठीक. परंतु विश्वासाच्या माणसानें केसानें गळा कापला म्हणजे अमेरिकन मनुष्य म्हणतो, ‘मला नदीच्या उताराला विकलें !’ हा प्रयोग मात्र थट्टेंतून जन्मलेला नाहीं.

ती नदी म्हणजे मिसिसिपी. आणि विकला जाई तो खराखुरा माणूस. १७९३ सालीं एली व्हिटनी यानें सरकी काढण्याचें यंत्र तयार केलें, व दक्षिणेंत कापसाची लागवड झपाट्यानें पसरली. १८०८ पासून परदेशांतून गुलाम आणण्यास कायद्यानें बंदी झाली. मजूर तर हवेतच ! मग व्हर्जिनिया, केंटकी या जुन्या राज्यांतील गुलाम खालच्या मुलुखांतील कापसाच्या व उसाच्या मळ्यांवर जाऊं लागले. १७९० ते १८६० पर्यंत असे सुमारें दहा लक्ष लोक हलविले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. कांहीं धन्याबरोबर गेले; पुष्कळ विकले गेले. कोणी साखळदंडांत पायीं, कोणी आगबोटींतून न्यू ऑर्लीन्सच्या बाजारीं. बायको एकीकडे, नवरा दुसरीकडे. उसाच्या मळ्यांवर माणसें लवकर मरत. म्हणून ‘उताराला विकीन’ ही नुसती धमकी चाबकापेक्षां भारी पडे.

१८६५ च्या डिसेंबरांत राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीनें गुलामगिरी संपली, शब्द राहिले. मार्क ट्वेनच्या १८९४ च्या ‘पडनहेड विल्सन’ या कादंबरींत त्यांचा जुना अर्थ आणि आजचा अर्थ एकाच ठिकाणीं भेटतात. रॉक्सी दिसावयास गोरी, परंतु कायद्यानें गुलाम. आपलें तान्हें पोर उताराला विकलें जाईल या भयानें ती तें धन्याच्या पोराच्या जागीं ठेवते व धन्याचें पोर आपलें म्हणून वाढविते. तिचा मुलगा मोठा होऊन जुगारी निघतो. त्याचें कर्ज फिटावें म्हणून, एव्हांना मुक्त झालेली आई पुन्हा स्वतःला विकूं देण्यास तयार होते. वरच्या मुलुखांत विकतों असें भासवून तो तिला खालच्या मळेवाल्यास विकतो. रॉक्सीनें पूर्वीं आगबोटीवर चाकरी केलेली. पाण्याची ओढ कोणीकडे आहे हें दिसतांच तिला सारें उमगतें.