झडपांची वेळ आणि भाराची ओढ : नाशिक परिसरातील ओढकामाच्या इंजिनांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मालवाहू वाहन घेताना खरेदीदार बहुधा अश्वशक्तीचा आकडा प्रथम विचारतो. हा आकडा इंजिन आपल्या कमाल वेगाच्या जवळ किती काम करते हे सांगतो. भरलेली ट्रॉली जागेवरून हलविताना किंवा घाट चढताना इंजिन किती जोर लावील, हे त्यावरून कळत नाही. ओढकामात कमी फेऱ्यांवर मिळणारा फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, निर्णायक असतो. हा जोर कोणत्या वेगाला मिळावा हे ठरविणाऱ्या घटकांत झडपा उघडण्या-मिटण्याची वेळ, आणि ती वेळ बांधून देणारा कॅमशाफ्ट, यांना महत्त्वाचे स्थान आहे.

नाशिक जिल्ह्याच्या यांत्रिक इतिहासात हा प्रश्न दीड शतकाहून अधिक काळ वेगवेगळ्या रूपांत उभा राहिलेला दिसतो. झडपांच्या वेळेची निवड चालकाच्या हातून कारखान्याकडे आणि तेथून संगणकाकडे कशी गेली, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

थळ घाट : चालकाच्या हातातील निवड

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातील मार्ग 1865 साली खुला झाला. सुमारे 15 किलोमीटरच्या या टप्प्यात गाडीला जवळजवळ 300 मीटर चढावे लागते आणि सर्वांत तीव्र चढ 37 ला 1 असा आहे. याचा अर्थ असा की, 1000 टन वजनाची गाडी केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर नेण्यासाठी सुमारे 27 टनांची ओढ लागते. घर्षण त्याहून वेगळे. म्हणूनच कसाऱ्याला गाडीस जादा इंजिने लावण्याची पद्धत पडली. ‘बँकर’ या नावाने ही इंजिने रेल्वेच्या व्यवहारात आजही परिचित आहेत.

वाफेच्या इंजिनात झडपांची वेळ चालकाच्या हातात होती. 1842 साली रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कारखान्यात विकसित झालेल्या दुवा-यंत्रणेमुळे, दट्ट्याच्या धावेच्या किती भागापर्यंत वाफ आत घ्यावयाची हे चालत्या गाडीत बदलता येऊ लागले. चढावर गाडी उचलताना धावेच्या सुमारे तीन-चतुर्थांश भागापर्यंत वाफ सोडली जाई. त्यामुळे ओढ वाढे, परंतु वाफ व कोळसा फार खर्च होई. सपाटीवर वेग आल्यावर तो भाग एक-चतुर्थांशापर्यंत खाली आणून उरलेले काम वाफेच्या प्रसरणावर सोपविले जाई. म्हणजे एकच इंजिन घाटात ओढकरी आणि पठारावर धावकरी होऊ शके. तो बदल घडविणारी दांडी चालकाजवळ असे. 1930 च्या सुमारास या घाटात विजेची इंजिने आली आणि रेल्वेपुरता झडपांचा हा प्रश्न मागे पडला. रस्त्यावर मात्र तो नव्याने उभा राहिला.

कॅमशाफ्ट : कारखान्यात बांधलेली निवड

चार धावांच्या पेट्रोल अथवा डिझेल इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्ट एक फेरी घेतो. त्यावरील प्रत्येक उंचवट्याचा आकार झडप केव्हा उघडेल, किती उचलली जाईल आणि केव्हा मिटेल हे ठरवितो. आत घेणारी झडप दट्ट्या तळाशी पोहोचल्यानंतरही काही काळ उघडी राहते. वेगवान इंजिनात आत येणाऱ्या हवेला स्वतःचा आवेग असतो. म्हणून झडप उशिरा, क्रँकच्या हिशेबाने तळानंतर 60 अंशांपलीकडे मिटली तरी सिलिंडर अधिक भरतो. मंद वेगात मात्र हा आवेग नसतो. वर येणारा दट्ट्या आत आलेली हवा परत ढकलून देतो आणि ओढ कमी होते.

यावरून ओढकामाच्या इंजिनासाठी कॅमशाफ्ट निवडण्याचे तत्त्व स्पष्ट होते. आतली झडप तळानंतर लवकर, साधारणपणे 40 अंशांच्या आसपास मिटावी. दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या राहण्याचा काळ अल्प असावा. आणि उंचवट्यांचा विस्तार बेताचा असावा. अशा इंजिनाचा कमाल वेग व कमाल अश्वशक्ती कमी भरते, परंतु चढावर ते दम सोडत नाही. डिझेल इंजिनात आणखी एक कारण आहे. झडप फार उशिरा मिटल्यास हवेचे प्रत्यक्ष दाबले जाणे कमी होते आणि थंडीच्या सकाळी इंजिन सुरू करणे अवघड जाते. शिवाय कॅमशाफ्ट एकटा काम करीत नाही. इंधनपंप, टर्बो आणि गिअरचे प्रमाण यांच्याशी त्याचा मेळ नसेल, तर केवळ कॅमशाफ्ट बदलून लाभ होत नाही.

जीप आणि ट्रॅक्टर

1945 साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने विलीज जीपच्या जुळणीने वाहनक्षेत्रात प्रवेश केला. जीपच्या मूळ पेट्रोल इंजिनाचा सिलिंडर-व्यास सुमारे 79 मिलिमीटर व दट्ट्याची धाव सुमारे 111 मिलिमीटर होती. पुढील ‘हरिकेन’ इंजिनात ही मापे कायम ठेवून आतली झडप माथ्यावर नेण्यात आली. त्यामुळे श्वसन सुधारले. दुसरीकडे, 1963 साली इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने ट्रॅक्टरनिर्मितीची कंपनी स्थापन झाली आणि 1977 साली ती महिंद्रमध्ये विलीन झाली. तिच्या बी-275 ट्रॅक्टरचे मंद गतीचे डिझेल इंजिन पुढे जीपमध्येही बसविले गेले.

1979 साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना मिळाला. महिंद्रच्या इंजिननिर्मितीचे एक केंद्र इगतपुरी येथे उभे राहिले. घाट चढून आलेल्या रेल्वेगाडीचे जादा इंजिन जेथे सुटे, त्याच गावी रस्त्यावरील वाहनांची इंजिने घडू लागली, हा योगायोग लक्षणीय आहे. प्यूजोच्या 2112 घन सें.मी. इंजिनाचा व्यास 90 मिलिमीटर आणि धाव 83 मिलिमीटर होती. ते मोटारगाडीच्या कुळातील, तुलनेने चपळ इंजिन होते. ट्रॅक्टरच्या कुळातून विकसित झालेल्या 2523 घन सें.मी. इंजिनात व्यास 88.9 आणि धाव 101.6 मिलिमीटर होती. केवळ लांब धावेने टॉर्क वाढतो असे नाही. परंतु लांब धावेच्या इंजिनाला फार वेगाने फिरणे परवडत नाही, म्हणून त्याची सर्व रचना, कॅमशाफ्टसह, मंद वेगासाठी केली जाते. 2000 साली आलेली बोलेरो आरंभी प्यूजो कुळातील इंजिनावर चालत असे; नंतर तिला ट्रॅक्टर कुळातील इंजिन मिळाले. ग्रामीण रस्ता, भरगच्च भार आणि वारंवार थांबणे या गरजांशी ही निवड सुसंगत होती. लासलगाव अथवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात कांद्याची ट्रॉली ओढून आणणाऱ्या ट्रॅक्टरची गरजही हीच आहे.

निवडीचे स्थलांतर

सोलापूर येथे 1992 साली स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सने पुढे परदेशी मोटार कारखान्यांनाही कॅमशाफ्ट पुरविले. अर्थात कॅमशाफ्ट घडविण्याचे कौशल्य महाराष्ट्रात रुजले आहे. दरम्यान टर्बो, विजेने नियंत्रित इंधनपुरवठा आणि काही इंजिनांत चालू स्थितीत बदलणारी झडपांची वेळ यांमुळे मंद व जलद वेगांतील जुना संघर्ष पुष्कळसा सौम्य झाला आहे. वाफेच्या चालकाची दांडी एका अर्थाने परत आली आहे. परंतु ती आता संगणकाच्या हाती आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, ओढकामाचे इंजिन भार आणि चढ यांच्यानुसार घडत गेले आणि प्रत्येक टप्प्यावर वेग व ओढ यांपैकी एकाला प्राधान्य द्यावे लागले. मात्र पूर्वी ही तडजोड चालकाला ठाऊक असे. आज ती यंत्राच्या आत दडलेली आहे. कर्ज काढून ट्रॅक्टर अथवा मालवाहू गाडी घेणारा शेतकरी अश्वशक्तीच्या एका आकड्यावर विसंबतो, तेव्हा आपल्या कामाला न लागणाऱ्या वेगाचे मोल तो मोजत असण्याची शक्यता राहते. कमाल टॉर्क किती आणि तो किती फेऱ्यांवर मिळतो, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय त्याला लागली पाहिजे. हे साधे ज्ञान अभियांत्रिकीच्या वर्गाबाहेर, वाणिज्य, कृषी आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचविणे ही महाविद्यालयांची जबाबदारी ठरते. थळ घाटाचा इतिहास त्यासाठी नाशिकच्या विद्यार्थ्याला हाताशी असलेला उत्तम पाठ आहे.