काहिलीपाशी अधिकार कोणाचा? कृष्णाकाठच्या लहान उद्योगांतील मालक आणि कामकरी

तारळी नदी जिथे कृष्णेला मिळते त्या संगमावरचे उंब्रज हे कराड तालुक्यातील गाव सातारा आणि कराड या दोन पेठांच्या दरम्यान, पुणे-बंगळूर रस्त्यावर वसलेले आहे. पश्चिमेला चाफळ व पाटणकडची डोंगरी खेडी आणि पूर्वेला मसूरची रेल्वे यांमधली बाजारपेठ म्हणून त्याला महत्त्व आले. या टापूतील लहान उद्योगांचा इतिहास भांडवल, पीक आणि बाजारभाव यांच्या अंगाने नेहमी सांगितला जातो. पण पाच-दहा माणसांच्या बळावर चालणाऱ्या धंद्यात ती माणसे मन लावून काम कशामुळे करतात आणि पुढच्या हंगामात परत का येतात, हा प्रश्नही तितकाच मूलभूत आहे.

या प्रश्नाचे जुने उत्तर गावगाड्यात होते. सुतार, लोहार, चांभार यांसारख्या कारागिरांना वर्षभराच्या कामाबद्दल सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा, म्हणजे बलुते, मिळे. तर शेतावर कायम राबणाऱ्या सालगड्याचा करार गुढीपाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत असे आणि रोख रकमेबरोबर धान्य, कपडा व पायताण यांची बोली होई. या व्यवस्थेत उपाशी न मरण्याची हमी होती, परंतु काम जातीने ठरत असल्यामुळे उत्तम कारागिराला वर चढण्याची वाट नव्हती आणि वाटा किती द्यायचा हे देणाऱ्याच्या मर्जीवर राही. माणूस गावाला बांधलेला होता, म्हणून त्याला राजी राखण्याची गरज मालकाला फारशी भासत नसे.

ती गरज प्रथम ठळकपणे जाणवली ती गुऱ्हाळावर. दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन होळी-पाडव्यापर्यंत चालणारे गुऱ्हाळ हा कृष्णाकाठचा खरा हंगामी कारखाना होय. ऊस तोडणारे, तो वाहून आणणारे, घाण्याला ऊस लावणारे, वाळलेल्या चिपाडांचा जाळ चुलवाणात घालणारे आणि तयार गुळाच्या ढेपा पाडणारे अशी अनेक माणसे तेथे रात्रंदिवस एकमेकांच्या कामावर अवलंबून असत. घाणा थांबला तर काहील, म्हणजे रस उकळण्याची मोठी पसरट कढई, रिकामी तापे. आणि जाळ मंदावला तर रस रेंगाळून गूळ काळा पडे.

या सर्वांच्या केंद्रस्थानी गुळव्या, म्हणजे गूळ उतरवणारा कसबी कारागीर, उभा असे. रस तापू लागला की त्यात रानभेंडीच्या खोडाचे चिकट पाणी घालून वर येणारी मळी तो झाऱ्याने काढून टाकी, बेताचा चुना देऊन आंबटपणा मारी आणि मग बुडबुड्यांचा आकार व रंग न्याहाळीत जाळ वाढवायचा की आवरायचा हे सांगत राही. काकवीची अवस्था मागे पडून पाक सुमारे 118 अंश सेल्सियसपर्यंत पोहोचला की तो त्यातील थोडासा थंड पाण्यात टाकी आणि बोटांच्या चिमटीत त्याची गोळी वळते का हे पाही. गोळी मनासारखी वळली की त्याच्या एका शब्दावर चार-पाच जण काहील चुलवाणावरून ओढून वाफ्यात, म्हणजे पाक निवण्यासाठी केलेल्या उथळ हौदात, रिकामी करीत. क्षणभराचा उशीर झाला तर पाक करपे आणि घाई झाली तर ढेप धरत नसे. एका वेळी काहिलीत उकळणाऱ्या रसाला आदण म्हणतात, आणि एक आदण बिघडणे म्हणजे ऊसवाल्याच्या वर्षभराच्या कष्टांचा एक हिस्सा मातीत जाणे होय.

येथे मालकीचे एक मर्म दिसते. ऊस, चुलवाण आणि काहील ज्याच्या मालकीची, त्याचा हुकूम काहिलीपाशी चालत नसे. तेथे गुळव्याचा शब्द अखेरचा असे, आणि शहाणा गुऱ्हाळमालक त्या वेळी बाजूला उभा राहून पडेल ते काम करी. कसबाला दिलेला हा मान हीच गुळव्याला बांधून ठेवणारी खरी गाठ होती. ज्या गुऱ्हाळावर मालक मध्ये तोंड घाली किंवा बिघडलेल्या आदणाचा दोष नेहमी हाताखालच्यांवर ढकली, तेथे चांगला गुळव्या दुसऱ्या हंगामाला येत नसे. आल्यागेल्याला रस, काकवी आणि गरम गूळ मोकळ्या हाताने देण्याची रीतही या संदर्भात पाहावी लागते. कारण पाहुण्याला जे मिळते ते राबणाऱ्यालाही मिळते, ही जाणीव त्या कष्टाच्या रात्रींना आधार देणारी होती.

लाकडी घाण्यांच्या जागी लोखंडी चरक आले तेव्हा ही माणसे ज्या यंत्रोद्योगाच्या संपर्कात आली, त्याचे एक केंद्र याच कृष्णाखोऱ्यात उभे राहिले. लक्ष्मणराव किर्लोस्कर (1869–1956) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असता त्यांना हक्काची बढती डावलली गेली, म्हणून नोकरी सोडून ते बेळगावला आले आणि कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनवू लागले. तेथील जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानाचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची माळरानाची 32 एकर जमीन आणि 10,000 रुपयांचे कर्ज दिले, आणि 10 मार्च 1910 रोजी सुमारे 25 कामगार व त्यांची कुटुंबे यांच्यासह निवडुंग व सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसू लागली.

स्वतःच्या गुणांची कदर न झालेल्या या माणसाने इतरांचे गुण हेरण्याची दृष्टी कारखान्यात आणली, हे किर्लोस्करवाडीच्या इतिहासातील सर्वांत मोलाचे सूत्र आहे. सहकाऱ्यांपैकी वसाहतीची आखणी व व्यवस्था रामूअण्णांकडे, यंत्रकाम शंभोराव जांभेकरांकडे, हिशेब व कारभार मंगेशराव रेग्यांकडे अशी जबाबदारीची सरळ वाटणी झाली. शिक्षण अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर तेथे कुशल अभियंते झाले. दरोडेखोरीचा शिक्का घेऊन आलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्या हाती तर वसाहतीचा पहारा देण्यात आला. ज्याच्यापासून माल सांभाळायचा असे समाज म्हणत होता, त्याच्याच स्वाधीन माल करण्यात मालकाने मोठी जोखीम उचलली होती, आणि गुऱ्हाळमालक जी एका आदणापुरती घेतो तीच ही जोखीम होती. शिवाय ब्रिटिश हिंदुस्थानातील कारखानेविषयक कायदे संस्थानांत आपोआप लागू होत नसल्यामुळे, कामगारांसाठी तेथे जे उभे राहिले ते कायद्याच्या धाकाने उभे राहिलेले नव्हते.

औंधच्याच आश्रयाने कराड स्थानकालगत, उंब्रजपासून काही कोसांवर, 1916 साली ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला आणि त्या ठिकाणाला ओगलेवाडी हे नाव मिळाले. तेथील प्रभाकर कंदील पुढे घरोघरी पोहोचला. वितळलेली काच फुंकणाऱ्या कारागिराचा श्वास आणि नजर यांवर कंदिलाच्या काचेचा दर्जा ठरत असल्यामुळे तेथेही मालकाला कसबापुढे नमते घ्यावे लागे.

या इतिहासाची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. घर आणि नोकरी दोन्ही एकाच मालकाकडून मिळाली की नोकरीबरोबर छप्परही जाण्याची भीती कामगाराच्या मनात राहते, आणि मालक कितीही उदार असला तरी त्याचे औदार्य हा कामगाराचा हक्क होत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेठरे बुद्रुकचा कृष्णा आणि यशवंतनगरचा सह्याद्री यांसारख्या सहकारी साखर कारखान्यांकडे ऊस वळला, गुऱ्हाळे कमी झाली आणि ऊसतोडीला मुकादमाने आणलेल्या टोळ्या येऊ लागल्या. या टोळ्यांना हंगामापूर्वी दिली जाणारी आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, माणूस आणते खरी, परंतु ती फिटेपर्यंत त्याला अडकवूनही ठेवते. वेठबिगारी रद्द करणारा कायदा 1976 साली झाला, तरी कर्जाने माणूस धरून ठेवण्याची सवय कायद्यापेक्षा चिवट ठरली आहे.

बलुत्याने माणूस गावात राहिला आणि उचलीने तो फडावर आला. पण या दोन्ही बंधनांत त्याच्या शब्दाला वजन मिळाले नाही. ते मिळाले काहिलीपाशी, भट्टीपाशी आणि वाडीच्या पहाऱ्यावर. उंब्रजच्या बाजारपेठेत आज चार-सहा माणसांवर गॅरेज, छापखाना, बेकरी किंवा खानावळ चालवणाऱ्याला कारखानेविषयक कायद्याचा धाक बहुधा नसतो आणि मोठा पगार देण्याची ऐपतही नसते. त्याच्या हाती उरतो तो वेळेवर दिलेला रोजगार आणि ज्याला काम कळते त्याच्या हाती दिलेला निर्णय. गोळी वळली की नाही हे सांगण्याचा अधिकार ज्याने गुळव्याला दिला, त्याच्या चुलवाणावर पुढच्या दिवाळीला तो गुळव्या पुन्हा उभा राहिला, आणि या टापूतील मालकीचा सर्वांत जुना धडा आजही तोच आहे.