एका ओळीचा इतिहास : वेबपानावरचं मराठी अक्षर आणि हाताशी असलेले कोडचे तुकडे

वेब डेव्हलपरच्या हाताशी नेहमी काही तयार ओळी असतात. एक पानाच्या डोक्यावर टाकायची, एक डेटाबेस उघडताना लिहायची, एक फॉर्ममधलं नाव तपासायची. कुठून तरी उचललेल्या या ओळी चालतात, म्हणून राहतात. आज आपण त्या ओळींकडे इतिहासाची साधनं म्हणून बघणार आहोत. ताम्रपटाला जसा काळ असतो तसा कोडच्या तुकड्यालाही असतो. तो लिहिला गेला त्या वेळी ‘अक्षर म्हणजे काय’ याची एक समजूत होती, आणि ती त्यात गोठून बसलेली असते. ओळ टिकते, तिच्यामागचं कारण मात्र विसरलं जातं. याची किंमत मराठीने कशी मोजली, ते पाहू.

सुरुवात १९६३ पासून करू. त्या वर्षी अमेरिकेत आस्की ही संकेतप्रणाली ठरली. सात बिट्स, म्हणजे एकूण १२८ जागा. त्यात रोमन अक्षरं, आकडे, विरामचिन्हं बसली आणि विषय संपला. पुढे आठवा बिट वापरात आला, जागा २५६ झाल्या, पण त्या वाढीव जागा बहुतेक युरोपीय भाषांनी घेतल्या. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक काढलं. म्हणजे प्रमाण अगदीच नव्हतं असं नाही. पण वेब त्याच सुमारास जन्माला येत होतं आणि ब्राउझरना इस्की कळत नव्हतं.

मग मराठी पान दाखवायचं कसं? लोकांनी युक्ती काढली. असा फाँट करायचा की रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा दिसेल. पानात फाँटचं नाव लिहायचं, वाचकाला तो उतरवून घ्यायला सांगायचं. डोळ्यांना मराठी दिसे, पण फाइलमध्ये रोमन अक्षरांचा खिचडा असे. प्रत्येक कंपनीच्या फाँटची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला की गिचमीड. १९९७ च्या सुमारास नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनी ब्राउझरने आपोआप फाँट उतरवण्याची सोय आणली, पण दोघांचे प्रकार वेगळे. म्हणजे एकाच पानासाठी दोन-दोन फाँट फाइली ठेवायच्या.

त्या काळच्या टिपा वाईट होत्या असं आम्ही म्हणणार नाही. त्या नसत्या तर तेव्हा वेबवर मराठी फारशी दिसलीच नसती. पण परिणाम बघा. शोधयंत्राला त्या पानात मराठी सापडत नव्हती. मजकूर नक्कल करून दुसरीकडे चिकटवला तर अर्थ हरवायचा. आणि फाँट नाहीसा झाला की पान असूनही वाचता येत नव्हतं. कागदावरची शाई उडते तसंच हे, फक्त वेग जास्त.

उत्तर खरं तर आधीच तयार होतं. १९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा मिळाला आणि त्याची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या रूपावर बेतलेली होती. मग १९९२ च्या सप्टेंबरात केन थॉम्पसन यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, रॉब पाइक समोर असताना, ताटाखालच्या कागदावर यूटीएफ-८ ची रचना मांडली. आस्कीचं अक्षर पूर्वीसारखं एका बाइटमध्ये राहतं, इतरांना २, ३ किंवा ४ बाइट्स लागतात. देवनागरीला ३ लागतात.

पण पानाला स्वतःची ओळख सांगावी लागते. म्हणून ती पहिली ओळ आली : मेटा टॅग, त्यात चारसेट बरोबर यूटीएफ-८. जुन्या एचटीएमएलमध्ये ती लांबलचक होती, एचटीएमएल ५ ने आखूड केली. ती पानाच्या पहिल्या १०२४ बाइट्सच्या आत असावी असा नियम आहे. म्हणून ती शीर्षकाच्या आणि सगळ्या स्क्रिप्टच्या वर ठेवायची. ही सवय नव्हे, यामागे हे कारण आहे.

आता पुढची गोष्ट, डेटाबेसची. मायएसक्यूएलच्या ४.१ आवृत्तीत ‘यूटीएफ८’ नावाची सोय आली. नाव यूटीएफ८, पण एका चिन्हाला जागा जास्तीत जास्त ३ बाइट्स. तेव्हा रोजच्या वापरातलं बहुतेक सगळं त्यात बसत होतं. मराठीही बसली. म्हणून ती ओळ सगळीकडे पसरली. मग इमोजी आले, त्यांना ४ बाइट्स लागतात. स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर गुपचूप कापला जातो. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडी लिपी आली. मोडीची अक्षरं ४ बाइट्सची आहेत! म्हणजे पेशवे दप्तरातलं एखादं पत्र कोणी मोडीतच टंकून जुन्या रकान्यात साठवू पाहील, तर पहिल्याच अक्षराला अडेल. यावरचा उपाय ‘यूटीएफ८एमबी४’. तो २०१० मध्ये ५.५.३ आवृत्तीत आला आणि ८.० पासून, म्हणजे २०१८ पासून, मूळ सेटिंग झाला. जुने तक्ते आपोआप बदलत नाहीत, ते आपल्यालाच बदलावे लागतात. आणि तक्त्याबरोबर जोडणीच्या ओळीतही तेच नाव हवं, नाहीतर अर्धंच काम होतं.

तिसरी ओळ सगळ्यात साळसूद दिसते. ‘न दिसणारी चिन्हं काढून टाका.’ इकडून तिकडून चिकटवलेल्या मजकुरात अदृश्य चिन्हं येतात, त्यामुळे शोध बिघडतो. म्हणून दोन शून्य शून्य बी ते दोन शून्य शून्य डी हा युनिकोडचा पट्टा पुसणारी एक रेगेक्स फार लोकप्रिय आहे. पण त्या पट्ट्यातलं शेवटचं चिन्ह म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, आणि ते मराठीत कामाचं आहे. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. हा दुसरा, अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि तो जॉइनर. दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या मजकुरावर ती सफाईची ओळ चालवा. स्वयंपाक्यांचे गुरू होतात! कुठे चूक दाखवली जात नाही, कुणाला पत्ता लागत नाही.

नाव तपासण्याच्या ओळीचंही असंच. जुनी ओळ फक्त ए ते झेड मानते, त्यामुळे मराठी नाव सरळ नाकारलं जातं. २०१८ च्या जावास्क्रिप्ट मानकात ‘कुठल्याही लिपीचं अक्षर’ असं लिहिण्याची सोय आली आणि लोकांना वाटलं सुटलो. पण युनिकोडच्या हिशेबात काना, वेलांटी, मात्रा ही ‘अक्षरं’ नाहीत, ती ‘खुणा’ या वर्गात आहेत. म्हणून ‘कमल’ पास होते आणि ‘सीमा’ नापास. अक्षरांच्या वर्गाबरोबर खुणांचा वर्ग घालायलाच हवा, आणि वर दोन्ही जॉइनरही.

हे सगळं ऐकून प्रत्यक्ष काय करायचं, ते थोडक्यात सांगतो.

बिघडलेलं पान दिसलं की आधी लक्षण बघा. चौकोन दिसत असतील तर फाँट नाही, मजकूर शाबूत आहे. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए पुन्हा पुन्हा दिसत असेल तर बहुधा बाइट्स बरोबर आहेत, फक्त लेबल चुकलंय. तिथे मजकूर ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका, लेबल बदला. आणि डेटाबेसमध्येच नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मजकूर गेला, बॅकअप शोधा.

एचटीएमएलच्या मूळ टॅगमध्ये लँग बरोबर एमआर लिहा. मराठी ल आणि श यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं आहे. फाँटमध्ये ती सोय असेल तर या दोन अक्षरांनी ब्राउझरला कळतं.

साठवण्याआधी र, हलन्त, जॉइनर हा क्रम ऱ आणि हलन्तमध्ये बदलून घ्या. नेहमीचं एनएफसी नॉर्मलायझेशन हा फरक मिटवत नाही.

मजकूर छोटा करताना बाइट मोजून कापू नका. पीएचपीत साधं सबस्ट्र अक्षराच्या मधोमध कापू शकतं, म्हणून एमबी सबस्ट्र वापरा. ‘मराठी’ शब्दाची लांबी जावास्क्रिप्ट ५ सांगतं आणि आपण ३ मोजतो. वाचकाला दिसणारं अक्षर हवं असेल तर इंटल सेगमेंटर आहे.

आणि शेवटचं. कोणतीही ओळ उचलली की तिच्या शेजारी टिपणीत ती का आहे आणि कुठल्या वर्षी घेतली, एवढं लिहून ठेवा. जुन्या दस्तावर तारीख नसली तर संशोधकाची किती पंचाईत होते, हे इथल्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. दहा वर्षांनी कोणी तरी आपला कोड उघडेल. ती ओळ ठेवायची की काढायची, हे त्याला त्या एका टिपणीवरून ठरवता येईल, आणि ती चुकीची ठरली तर कुणाचं तरी नाव किंवा एखादं जुनं पत्र हकनाक पुसलं जाणार नाही.