कळा उजवीकडे पडला तर

साल 1880, श्रावणातली पौर्णिमा. तुम्ही वेळणेश्वरच्या पुळणीवर उभे आहात. हॉटेलं नाहीत, डांबरी रस्ता नाही, आणि खाली जयगडचं दीपगृह बांधायला अजून बावन्न वर्षं आहेत. पावसाळाभर होड्या माडांखाली झापांनी शाकारून ठेवलेल्या. शंकराच्या देवळापुढून माणसं पाण्याकडे निघतात, तुम्हीही निघा. सगळ्यांत म्हातारा खारवी गुडघाभर पाण्यात शिरतो, नारळ लाटेवर सोडतो आणि शांत हो म्हणून विनवतो.

हात जोडा, पण याला निसर्गप्रेम समजू नका. समुद्र सुंदर आहे, असं इथे कुणी म्हणत नाही. तो पोटाला देतो आणि कधी घरातलं माणूस नेतो. तेव्हा त्याच्याशी बोलणी करावी लागतात.

दुसऱ्या दिवशी डोंगर चढा आणि आडवाटेने पलीकडच्या गावच्या देवराईत उतरा. गाव कुठलं ते विचारू नका, त्या काळच्या कोकणात अशी राई शोधत फिरावं लागत नाही. वहाणा बाहेर काढा. आत पाऊल टाकलं की उजेड निम्मा होतो. ऐन, किंजळ, सातवीण, आणि या झाडावरून त्या झाडावर गेलेली मांडीएवढी जाड गारंबी. पायाखाली पाचोळ्याचा ओला थर, कारण इथली काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नाही. मधोमध चार खांबांवरचं गवती छप्पर आणि त्याखाली एक ओबडधोबड पाषाण. हा गावचा राखणदार.

आज मामला नाजूक आहे. छपराचा वासा मोडलाय आणि लाकूड राईतलंच हवंय. गुरव पाषाणाला पाणी लावून दोन्ही अंगांना फुलांचे कळे चिकटवतो. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नाही. मानकरी गाऱ्हाणं घालतो, "देवा म्हाराजा, तुझ्याच छपरासाठी एक ऐन मागतोय!"

"व्हय म्हाराजा!" बाकीचे ओरडतात. तुम्हीही ओरडा, गप्प राहिलात तर नजरेत याल.

बराच वेळ काहीच होत नाही. मग डावा कळा पडतो.

कुणी वाद घालत नाही, पण कुणी घरीही जात नाही. कुजबुज होते, कळे पुन्हा लागतात आणि मागणं बदलतं. उभं झाड नको, वादळात आडवं झालेलं नेऊ का? उजवा पडतो. देव स्वतःच्या छपरासाठीही उभं झाड देत नाही, पण घासाघीस चालवून घेतो. मला वाटतं, देवाच्या या धाकाने जेवढं जंगल राखलं तेवढं निसर्गप्रेमाने राखलं नसतं. निसर्गप्रेमी मंडळींना आत वनभोजन करायचं असतं.

एखादा जपानी माणूस सोबत असता तर बिचकला नसता. त्याच्या गावीही डोंगर, धबधबा, जुनं झाड हीच देवाची ठिकाणं. भाताच्या पेंढ्याचा दोर बुंध्याला बांधला की झाड देवाचं झालं. पण 1910 साली त्याच्या देशात गेलात तर चित्र वेगळं दिसेल. 1906 पासून सरकार छोटी शिंतो देवळं मोठ्यांत विलीन करतंय. काही वर्षांत सत्तर हजारांच्या आसपास देवळं मोडतील आणि कित्येकांच्या राया तोडल्या जातील. मिनाकाता कुमागुसु नावाचा बुरशीसारख्या बारीक जीवांचा अभ्यासक याविरुद्ध लेखामागून लेख लिहितोय. तानाबे गावात तो रागाने सरकारी सभेत घुसला आणि कोठडीत गेला.

आता कोकणात परत या, विसाव्या शतकातल्या सत्तरच्या दशकात. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ हे अभ्यासक गावोगावच्या देवराया नोंदवत हिंडतायत. त्यांच्यामागून श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावात शिरा. वनखात्याला इथली राई तोडायची आहे. राईतून निघणारा ओढा हा गावाच्या पाण्याचा आधार, म्हणून गावकऱ्यांनी या अभ्यासकांची मदत मागितली आहे. हे दोघं येऊन पाहतात, शब्द टाकतात आणि तोड थांबते. खात्याने आधी गुरवाकडून कळे लावून घेतले असते, तर पडलेलं एखादं खोड तरी पदरात पडलं असतं.