कोठागुड्याची हिरवी इमारत आणि आमचा काचीगुड्याचा चौक

मागच्या आठवड्यात इथे जुन्या वाड्यांचे फोटो पडले, ते बघून लिहायला बसलो.

आमचे आजोबा नांदेडकडचे. निजामाच्या नोकरीत हैदराबादला आले आणि काचीगुड्यात घर बांधलं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बरेच भाऊबंद तिकडे परतले. आजोबा म्हणाले, "घर बांधून बसलोय, आता कुठे जायचं?" घर म्हणजे दीड हात रुंद दगडी भिंती, चुन्याचा गिलावा, वर माळवद आणि मधे चौक. उन्हाळ्यात आजी सकाळी नऊला पश्चिमेची दारं-खिडक्या लावून घ्यायची, दुपारी वाळ्याचा पडदा भिजवायची, ऊन उतरलं की चौकात पाणी शिंपडून सगळी दारं सताड उघडायची. दुपारचं ऊन त्या भिंतींतून आत पोचेपर्यंत रात्र व्हायची, आणि तोवर बाहेर गार वारा सुटलेला असायचा. आम्हा पोरांना ती आजीची खोड वाटायची.

दोषही होते, उगाच गोडवे गात नाही. माळवद दर पावसाळ्याआधी मातीने लिंपावं लागे, तरी गळायचंच. मधल्या खोलीत दिवसाही दिवा. संडास परसात.

म्हणून १९९४ मध्ये घर बिल्डरला दिलं. वडिलांना तयार करणारा मीच. बैठकीत बोलणं काय, तर फ्लॅट किती, चौरस फूट किती, स्कूटर कुठे लावायची. ऊन कुठल्या भिंतीवर पडणार, वारा कुठून येणार, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. अण्णांनी नकाशा उलटसुलट करून एकदाच विचारलं, "अरे, चौक कुठे गेला?" मी म्हटलं, "अण्णा, तिथे लिफ्ट येतेय."

आम्हाला सगळ्यात वरचा मजला मिळाला. डोक्यावर उघडा स्लॅब, पश्चिमेला पातळ विटांची भिंत. दिवसभर प्यालेली उष्णता तो स्लॅब रात्री खोलीत ओतायचा. आई मे महिन्यात चटई घेऊन लिफ्टसमोर झोपायची. म्हणायची, "इथे जरा वारा लागतो." ती जागा चौकाचीच.

पुढे कामानिमित्त हायटेक सिटीजवळ कोठागुड्याला सीआयआयच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरमध्ये जाणं झालं. अमेरिकेतल्या 'लीड' पद्धतीची सर्वांत वरची प्लॅटिनम श्रेणी २००३ मध्ये या इमारतीला मिळाली, अमेरिकेबाहेर पहिल्यांदाच. १४ जुलै २००४ रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी तिचं उद्घाटन केलं. वास्तुविशारद करण ग्रोव्हर. बडोदेकरांनो, तुमच्या गावचे! चांपानेर-पावागढ जागतिक वारशाच्या यादीत यावं म्हणून वर्षानुवर्षं झटलेले तेच.

आत गेलो आणि थबकलोच. गोल इमारत, मधे चौक. भिंतींना जाळ्या, उजेड भरपूर पण ऊन अंगावर नाही. दोन उंच वारामनोरे. त्यांच्या भिंती पाण्याने ओल्या ठेवतात, गरम हवा तिथून खाली येताना गार होते आणि मगच एसीच्या यंत्रणेत जाते, म्हणजे यंत्राला कष्ट कमी. छताच्या मोठ्या भागावर माती आणि हिरवळ. माळवदच की हो हे! फक्त खाली पाणी अडवणारा थर आहे, गळत नाही. उरलेल्या छतावर सौर पॅनल. इमारत उभी राहण्याआधीच वर्षाला वीज किती लागेल, याचा हिशोब संगणकावर मांडला होता. आजीकडे संगणक नव्हता, पण कुठली खिडकी कधी लावायची हा हिशोब तोच. मी मात्र तो १९९४ साली एका सहीत पुसून टाकला होता. परतताना बसमध्ये कोणाशी बोललो नाही.

आता आमच्या अपार्टमेंटच्या स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्यात, पाडून नवीन बांधायचं चाललंय. येत्या रविवारी मीटिंग. पुन्हा तेच: फ्लॅट किती, पार्किंग किती. या वेळी मी कागद करून ठेवलाय. केंद्राच्या वीज मंत्रालयाने २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली. तिच्याप्रमाणे आपल्यासारख्या गरम भागात बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता सरासरी दर चौरस मीटरला १५ वॉटच्या आत हवी. छपराचा हिशोब वेगळा. बिल्डरला विचारणार आहे, तुमच्या नकाशात हा आकडा किती येतो? पश्चिमेला जिना आणि बाथरूम घ्या, बेडरूम नको. खिडक्यांवर पुरेसे छज्जे द्या. मधे वरपर्यंत मोकळी जागा सोडा. शेजारचे म्हणतात, "काका, एसी आहेत ना, कायको टेन्शन?" त्यांच्या विजेच्या बिलाबद्दल मी बोलत नाही.

जुन्या घराचा नकाशा काही सापडला नाही. एक फोटो आहे, चौकात अण्णा, मागे भिजवलेला वाळ्याचा पडदा. तो मीटिंगला नेतोय. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगावकडे कोणी नवं बांधताना चौक राखला असेल तर फोटो आणि मापं इथे टाका, रविवारच्या आत मिळाली तर फार बरं होईल.