मिशनरी कुटुंब आणि मिशनचे कार्य : मुंबईतील विल्सन घराणे

मुंबईच्या शैक्षणिक इतिहासात जॉन विल्सन यांचे नाव सर्वपरिचित आहे. त्यांच्या नावाचे महाविद्यालय गिरगावच्या चौपाटीवर आजही उभे असून मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूंच्या मालिकेतही त्यांची गणना होते. धर्मवादांचा इतिहास लिहिणारे अभ्यासक त्यांना मोरभट दांडेकर यांचे प्रतिपक्षी म्हणून ओळखतात, तर प्राचीन लेखविद्येचे अभ्यासक गिरनारच्या अशोकलेखाची प्रत मिळवून ती प्रिन्सेप यांच्यापर्यंत पोहोचविण्यास साहाय्य करणारे विद्वान म्हणून त्यांचे स्मरण करतात. या सर्व उल्लेखांत विल्सन हे एकटे दिसतात. वस्तुतः एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रॉटेस्टंट मिशनचे कार्य एका व्यक्तीचे नसून बव्हंशी एका कुटुंबाचे असे. मिशनच्या यादीत नाव पतीचे असे, परंतु कार्य मात्र घराचे असे. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे मिशनच्या कार्याचे मूल्यमापन दोन बाजूंनी अपुरे राहिले आहे. त्या घरातील स्त्रियांच्या श्रमांची नोंद पुरेशी झालेली नाही, आणि या कार्यामुळे ज्या एतद्देशीय कुटुंबांत कलह माजला त्यांच्या दुःखाचाही नीट विचार झालेला नाही. विल्सन घराण्याचा वृत्तांत या दोन्ही दृष्टींनी तपासून पाहण्यासारखा आहे.

जॉन विल्सन यांचा जन्म १८०४ साली स्कॉटलंडच्या दक्षिण भागातील लॉडर या लहानशा गावी झाला. एडिंबरो येथे धर्मशास्त्राचे अध्ययन पुरे होताच त्यांनी स्कॉटिश मिशनरी सोसायटीकडे आपले नाव दिले. १८२८ च्या ऑगस्ट महिन्यात त्यांचा विवाह मार्गारेट बेन यांच्याशी झाला. मार्गारेट या १७९५ साली जन्मलेल्या, म्हणजे पतीहून सुमारे नऊ वर्षांनी वडील असून ग्रीनॉक येथील एका धर्मोपदेशकाच्या कन्या होत्या. विवाहानंतर अल्पावधीतच हे दांपत्य हिंदुस्थानाकडे निघाले. सुएझचा कालवा त्या काळी नव्हता, त्यामुळे आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून येणे भाग होते. पाच महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर घालवून १८२९ च्या फेब्रुवारीत ते मुंबईस उतरले.

कंपनी सरकारच्या मुलुखात मिशनऱ्यांना प्रवेशाचा मार्ग १८१३ च्या सनदेने खुला केला होता. त्याच वर्षी अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईत पाऊल ठेवले, आणि १८२३ पासून स्कॉटिश सोसायटीने बाणकोट व हर्णै ही कोकणपट्टीतील ठाणी धरली. विल्सन दांपत्याचे पहिले महिने याच किनाऱ्यावर गेले. तेथे उभयतांनी मराठी भाषेचे अध्ययन केले. भाषा शिकल्यावाचून उपदेश करता येत नाही हे जसे पतीच्या बाबतीत खरे होते, तसेच भाषेवाचून घराच्या उंबरठ्याआत प्रवेश मिळत नाही हे पत्नीच्या बाबतीत खरे होते. मार्गारेटबाईंनी मराठीचा व्यासंग केला तो घर सांभाळण्यापुरता नसून शाळा चालविण्यासाठी होता, हे पुढील घटनांवरून स्पष्ट होते. त्याच वर्षाच्या अखेरीस हे दांपत्य मुंबईस स्थायिक झाले.

मुंबईतील त्यांच्या कार्याची विभागणी पाहण्याजोगी आहे. विल्सन यांनी १८३० साली ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ हे मासिक सुरू केले. त्यानंतर पंडितांशी जाहीर वादविवाद झाले आणि त्यांतून खंडनपर ग्रंथ निर्माण झाले. हे सारे कार्य सार्वजनिक स्वरूपाचे असल्याने त्याची साधने छापील रूपाने उपलब्ध आहेत. मार्गारेटबाईंनी मात्र मुलींच्या शाळा काढल्या. मुंबईत मुलींची पहिली शाळा अमेरिकन मिशनने १८२४ साली उघडली होती, तेव्हा या क्षेत्रातील अग्रक्रमाचा मान मार्गारेटबाईंकडे जात नाही. परंतु वस्तीत फिरून मुली जमविणे, पंतोजी नेमणे आणि स्वतः जाऊन शाळा तपासणे हे काम त्यांनी मुंबईस आल्यावर लगेच हाती घेतले. त्या काळच्या मुलींच्या शाळा म्हणजे बहुधा एखाद्या घरातील एक खोली असे. स्त्रीशिक्षिका मिळत नसल्यामुळे शिकविणारे पुरुषच असत. मुलींनी नियमाने यावे म्हणून त्यांस काही अल्प इनाम द्यावे लागे, आणि अक्षरओळख होऊन वाचन साधते न साधते तोच लग्न होऊन मुलगी शाळेतून नाहीशी होई. अशा परिस्थितीत वर्षामागून वर्षे शाळा टिकविणे हे वादसभेत प्रतिपक्षास निरुत्तर करण्याहून कमी कष्टाचे नव्हते.

१८३२ हे वर्ष या संदर्भात विशेष महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी आंब्रोळी येथे विल्सन यांनी इंग्रजी शाळा उघडली. तिचेच रूपांतर पुढे जनरल असेंब्लीच्या संस्थेत आणि अखेर विल्सन महाविद्यालयात झाले. त्याच वर्षी मार्गारेटबाईंनी मुलींसाठी वसतिगृहासह शाळा सुरू केली. तीच परंपरा पुढे सेंट कोलंबा शाळेच्या रूपाने चालू राहिली. एकाच घरातून, एकाच वर्षी दोन संस्था निघाल्या. त्यांपैकी एकीस संस्थापकाचे नाव लाभले, तर दुसरीस सहाव्या शतकातील एका आयरिश संताचे नाव मिळाले. याचा दोष कोणा एका व्यक्तीस देता येणार नाही. मिशनरी म्हणून नेमणूक पुरुषाची होई, वेतन त्याच्या नावे निघे आणि अहवालही त्याच्याच सहीने जाई. पत्नीच्या कामास स्वतंत्र नेमणूक नसल्याने त्या कामाचा स्वतंत्र हिशेबही राहिला नाही.

१९ एप्रिल १८३५ रोजी मार्गारेटबाईंचा मुंबईत अंत झाला. या देशात त्यांना अवघी सहा वर्षे लाभली. विल्सन यांनी त्यांची पत्रे व दैनंदिनी यांतील उतारे घेऊन लिहिलेले चरित्र १८३८ साली एडिंबरो येथे प्रसिद्ध झाले. हे चरित्र मिशनरी साहित्याच्या रूढ साच्यातील असून त्याचा हेतू वाचकांच्या ठायी धर्मनिष्ठा जागृत करणे हा आहे. त्यामुळे इतिहासाचे साधन म्हणून त्याचा उपयोग सावधगिरीने करणे इष्ट होय. तथापि मार्गारेटबाईंच्या कार्याची माहिती टिकली ती मुख्यतः या ग्रंथामुळेच, हेही मान्य केले पाहिजे. नोंद राहण्यासाठी त्यांना प्रथम मरण यावे लागले, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरणार नाही.

शाळा मात्र बंद पडल्या नाहीत. मार्गारेटबाईंच्या दोन बहिणी स्कॉटलंडहून मुंबईस आल्या आणि त्यांनी ते काम पुढे चालविले. १८३७ साली हिंदुस्थानातील स्त्रीशिक्षणास साहाय्य करण्यासाठी स्कॉटिश स्त्रियांचे एक मंडळ एडिंबरोत स्थापन झाले, आणि शिक्षिका म्हणून स्त्रियांना स्वतंत्रपणे पाठविण्याचा मार्ग मोकळा झाला. १८४६ साली विल्सन यांनी इझाबेला डेनिस्टन यांच्याशी द्वितीय विवाह केला. इझाबेलाबाईंनीही १८६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुलींच्या शाळांचा भार वाहिला. म्हणजे पत्नी, मेहुण्या आणि पुन्हा पत्नी अशा क्रमाने एकाच कुटुंबातील स्त्रियांनी सुमारे चाळीस वर्षे हे काम अखंड ठेवले.

या कार्याची किंमत कुटुंबास वेगळ्या प्रकारेही मोजावी लागली. मिशनरी आणि अन्य युरोपीय कुटुंबांत मुलांना लहान वयातच मायदेशी धाडण्याची चाल होती. येथील हवा, पटकी व ताप यांची भीती, तसेच शिक्षणाची सोय ही त्यामागील कारणे होत. विल्सन यांचे पुत्र अँड्र्यू यांचा जन्म १८३१ चा, म्हणजे मातृवियोगाच्या वेळी ते जेमतेम चार वर्षांचे होते. त्यांचे शिक्षण एडिंबरो आणि जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे झाले. पुढे ते मुंबईस परतले ते धर्मोपदेशक म्हणून नव्हे, तर वृत्तपत्रकार म्हणून. मुंबईच्या व चीनच्या इंग्रजी पत्रांचे संपादन त्यांनी केले, आणि हिमालयातील प्रवासावरील ‘द अबोड ऑफ स्नो’ या १८७५ सालच्या ग्रंथाने त्यांना कीर्ती मिळाली. १८८१ साली त्यांचे निधन झाले. पित्याचे कार्य पुत्राने पुढे चालविले नाही. ज्या घरात परक्यांची मुले शिकली व वाढली, त्या घरचा पुत्र मात्र दूर देशी शिकला. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी आफ्रिकेतून आणलेली चुमा व विकाटानी ही मुलेसुद्धा १८६० नंतरच्या दशकात विल्सन यांच्याच शाळेत ठेवण्यात आली होती.

आता या चित्राची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. १८३९ च्या मे महिन्यात विल्सन यांच्या संस्थेतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पारशी समाजात प्रक्षोभ उसळला. धनजीभाईंच्या आप्तांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, परंतु तरुणास आपल्या इच्छेने वागण्याची मोकळीक आहे असा निर्णय झाला. परिणामी पालकांनी आपली मुले काढून घेतली आणि संस्थेची पटसंख्या एकाएकी घसरली. १८४३ साली, विल्सन युरोपात असताना, याच मिशनमध्ये नारायण शेषाद्री यांनी धर्मांतर केले. त्यांचा सुमारे बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या आश्रयास गेला होता. या वेळी मात्र न्यायालयाने मुलास पित्याच्या स्वाधीन केले. मिशनऱ्यांच्या सहवासात राहिलेल्या या मुलास पुन्हा ज्ञातीत घ्यावे की नाही यावर मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर यांनी पुढाकार घेऊन त्याच्या शुद्धीचा पुरस्कार केला आणि त्यापायी सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला.

मिशनऱ्यांच्या दृष्टीने येथे प्रश्न सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा होता. ईश्वराच्या हाकेपुढे मातापित्यांची आज्ञा गौण, हे तत्त्व त्यांनी प्रथम स्वतःस लावले होते. वडीलधारी माणसे, मुले आणि मायदेश यांचा वियोग त्यांनी पत्करला होता. म्हणून तोच वियोग इतरांच्या घरी घडला असता त्यात त्यांना अन्याय दिसला नाही. परंतु दोहोंत एक मूलभूत अंतर होते. मिशनरी कुटुंबाचा वियोग स्वेच्छेचा होता आणि त्यामागे त्यांचा समाज उभा होता. पारशी अथवा ब्राह्मण पित्यावर मात्र तो ओढवलेला असे, आणि पुत्राबरोबर त्याची प्रतिष्ठा, श्राद्धादी धर्मकृत्यांची आशा व ज्ञातीतील स्थान ही सर्वच धोक्यात येत. हे अंतर मिशनच्या साहित्यात क्वचितच उमटते. उलटपक्षी, आप्तांनी केलेल्या विरोधास केवळ अज्ञान वा द्वेष समजणे जसे चूक, तसेच धनजीभाई किंवा नारायण यांच्या निश्चयास केवळ आमिषाचे फळ समजणेही चूकच होय. पुढे दोघेही धर्मोपदेशक झाले व आयुष्यभर आपल्या निष्ठेस जागले.

या कार्याचे फलित काय, असा प्रश्न शेवटी उरतो. धर्मप्रसार हा त्याचा उद्देश होता आणि त्या मानाने धर्मांतरे थोडीच झाली. परंतु जे साधन म्हणून आणले गेले ते शिक्षण येथील समाजाने उद्देशापासून वेगळे करून उचलले. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४१ ते १८४७ या काळात शिकलेल्या जोतीराव फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा उघडली. मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील तरुणांच्या सभेने १८४९ मध्ये कन्याशाळा सुरू केल्या, त्यांत ख्रिस्ती धर्मशिक्षणास स्थान नव्हते. मिशनच्या शाळांनी एक नमुना पुढे ठेवला आणि त्याच वेळी मनात एक धास्तीही निर्माण केली. या दोहोंच्या संयोगातून एतद्देशीयांचे स्वतंत्र प्रयत्न उभे राहिले.

जॉन विल्सन १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईत निवर्तले. मधला काही काळ वगळता त्यांचे वास्तव्य याच शहरात झाले. विद्वान व शिक्षक म्हणून त्यांचे स्थान निश्चितच मोठे आहे. परंतु चौपाटीवरील वास्तूचा इतिहास लिहिताना तिचा उगम आंब्रोळीच्या एका राहत्या घरात होता, त्या घरात त्याच वर्षी मुलींचीही एक शाळा भरत होती आणि ती चालविणाऱ्या बाईंचे नाव मिशनच्या नेमणुकीत नव्हते, हे विसरून चालणार नाही. त्याच घराच्या दाराशी आपला मुलगा परत मागण्यासाठी आलेल्या पित्यांचे म्हणणेही त्या इतिहासात नोंदले गेले पाहिजे. संस्थेचा इतिहास हा अखेरीस घरांचा इतिहास असतो, आणि या बाबतीत तो एकाहून अधिक घरांचा आहे.